कॉलरबाईंचा कोट

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात माणसांना नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. जी जे शिवे, ती ते होई. बाहीवाली, खिसेवाली, काजवाली अशी ती रांग होती आणि खिडकीकडून दुसऱ्या मशीनवर कॉलरबाई बसत. 'बाई' हा मान फक्त त्यांना मिळे, तोही वयामुळे. त्यांच्यानंतर आलेल्या कितीतरी बाया लग्ने करून, भांडणे करून, चांगली नोकरी मिळवून निघून गेल्या होत्या. कॉलरबाई मात्र खिडकीच्या गजाइतक्याच जागच्या जागी होत्या. कारखान्यातले हे नाव हळूहळू कारखान्याबाहेरही पोचले. घराखालचा दुकानदारही सुटे पैसे परत देताना "हे घ्या, कॉलरबाई" असेच म्हणे.

तिथे कोट शिवले जात. पण कोट शिवणारी एकही व्यक्ती तिथे नव्हती, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे ठरेल. कापण्याच्या टेबलावरून तुकड्यांचे गठ्ठे येत. प्रत्येक बाई आपला तुकडा पुरा करून पुढच्या टोपलीत टाके आणि टोपल्या दाराआडच्या दुसऱ्या दालनात जात. तिथे जोडणी, अस्तर आणि इस्त्री होऊन कोट जन्माला येई. रांगेतल्या बायांना तो पुरा झालेला दिसे तो थेट रस्त्यावर, बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या नाहीतर हॉटेलच्या दरवानाच्या अंगावर. कॉलरबाईंना त्यामुळे एक खोड लागली होती. समोरून येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्या त्याच्या मानेकडे पाहत. बाहीवाली म्हणे, "ही एक दिवस यमाचीही कॉलर तपासेल आणि म्हणेल, टोक नीट काढलेलं नाही, परत जा."

टोक काढणे हे त्या कामातले मर्म होते. कॉलर उलटी शिवून सुलटी करताना तिचे टोक आतून विणायच्या बोथट सुईने बाहेर ढकलावे लागते. जोर जास्त झाला तर कापड फाटते आणि कमी पडला तर टोक बटाट्यासारखे गोल राहते. कॉलरबाईंच्या कॉलरीचे टोक असे निघे की पहारेकऱ्याने मान वळवताना जपून वळवावी. मापाचा फर्मा, म्हणजे ज्यावरून कापड आखायचे तो जाड पुठ्ठ्याचा नमुना, त्यांच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेला असे. त्याच्यावर धूळ बसली होती. त्यांची बोटेच फर्मा झाली होती.

तुकड्यातुकड्याने काम करणाऱ्याचे जगणेही तुकड्यातुकड्यांचे असते, हा निष्कर्ष सोयीचा आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. कॉलरबाई दुःखी नव्हत्या. कॉलरींवरच त्यांनी नवऱ्याच्या माघारी घर चालवले आणि मुलीला शिकवले. आपल्यापेक्षा चांगली कॉलर करणारी बाई अजून जन्मायची आहे, हे त्यांना ठाऊक होते आणि ते त्या विनयाने लपवतही नसत. त्यांची अडचण निराळी होती. निवृत्तीची तारीख जवळ आली तशी ती अडचण त्यांच्या मुलीने उघडी केली.

मुलगी एका मोठ्या कंपनीत माणसांना आयुष्याची ध्येये ठरवायला शिकवी. त्यासाठी लोक पगार देतात, याचे कॉलरबाईंना पहिली काही वर्षे आश्चर्य वाटले आणि पुढे कौतुक. एका संध्याकाळी जेवताना मुलीने विषय काढला.

"आई, निवृत्तीनंतर काय करायचं ठरवलंयस?"

"झोपायचं."

"झोप हे ध्येय नसतं."

"तुला काय माहीत? तू झोपतेस कधी?"

"थट्टा नको. मी रोज बघते, काम सुटलं की माणसं कोमेजतात. ध्येय हवं. ते आपलं स्वतःचं हवं, मोजता यायला हवं आणि त्याला शेवटची तारीख हवी. फिरायला जाणं, पोहायला शिकणं, प्रवास..."

"मला एक कोट शिवायचाय," कॉलरबाई म्हणाल्या.

हे वाक्य बोलून झाल्यावर त्यांनाही थोडे दचकायला झाले. ते आत कुठे आणि कधीपासून तयार होते कोण जाणे; बाहेर आले ते इस्त्री करूनच.

"कोट?"

"अख्खा. पाठ, पुढा, बाह्या, खिसे, काजं, सगळं. मी शिवलेला आणि मी घालायचा."

"आई, कोट विकत मिळतो."

"जेवणही विकत मिळतं. मग मी रोज भांडी कशाला घासते?"

मुलगी हसली, पण तिला विषय सोडवेना. "बरं. स्वतःचं आहे, मोजताही येतं. शेवटची तारीख?"

"नोकरीचा शेवटचा दिवस. घरी मशीन कुठंय आपल्याकडे? कारखान्याचं मशीन हातात आहे तोवर झाला तर झाला."

ध्येय आणि इच्छा यांतला फरक बहुधा एवढाच असतो. इच्छा वाट पाहू शकते. ध्येयाच्या दाराला कुणीतरी बाहेरून कुलूप लावणार असते.

कारखान्याचा एक नियम होता. काम सुटल्यावर झाडलोट संपेपर्यंत बायांनी आपले घरचे उसवलेले कपडे मशीनवर शिवून घ्यावेत. कॉलरबाई कापडाची पिशवी घेऊन सुपरवायझरकडे गेल्या. सुपरवायझर त्यांच्या मुलीपेक्षा जरा मोठा असेल. स्वभावाने वाईट नव्हता. पण प्रत्येक गोष्टीला नियम लावल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

"कॉलरबाई, उसवलेलं शिवायला परवानगी आहे. नवीन शिवायला नाही."

"मग हा कोट जन्मापासूनच उसवलेला आहे, असं समजा."

"अहो, पण तुम्हाला येतो का कोट शिवायला?"

"नाही."

"मग?"

"येत असता तर शिवला नसता."

या उत्तराला कोणता नियम लावावा ते सुपरवायझरला सुचेना. त्याने हात झटकला आणि ती परवानगी ठरली.

कापड विटकरी रंगाचे, लोकरी आणि जाड होते. खाकी, निळा आणि करडा हे तीन रंग सोडून चौथा रंग त्या दालनात बहुधा प्रथमच आला असावा. बाया भोवती जमल्या. कुणी पोत चोळून पाहिला, कुणी रंग गालाला लावून पाहिला. मग बाहीवालीने सगळ्यांच्या वतीने वाटणी जाहीर केली.

"बाह्या मी करते. खिसे ही, काजं ती. तू कॉलर कर. चार संध्याकाळींत कोट उभा."

"नको."

"का गं?"

"आपण सगळ्यांनी मिळून शिवला तर तो नेहमीचाच कोट होईल. तसे कोट इथे रोज होतात."

"म्हणजे आमचं शिवणं वाईट?"

"चांगलं आहे, म्हणूनच नको."

"अगं, बाही म्हणजे काय कॉलर वाटली तुला? बाही हलते. कॉलर आपली एका जागी बसून असते, तुझ्यासारखी."

"मग आता हलून बघते."

बाहीवाली डबा उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली आणि तिने अबोला धरला. मात्र तिचे कान कॉलरबाईंच्या मशीनकडेच असत. दोरा तुटल्याचा आवाज आला की ती स्वतःशीच, पण सर्वांना ऐकू जाईल अशी "हं" म्हणे.

आणि दोरा बराच तुटला. लोकरीचे कापड कॉलरीसारखे मुठीत राहत नव्हते. ते मांडीवरून घसरे आणि स्वतःच्या वजनाने टीप वाकडी करी. पहिला खिसा शिवून झाल्यावर तोंडाशीच बंद झाल्याचे आढळले. काजे तर अशी झाली की त्यांतून बटणाने जावे की परत फिरावे हा त्याचा खाजगी प्रश्न होता. एका संध्याकाळी डावी बाही उजव्या मुंढ्यात आणि उजवी डाव्यात बसली. कोट हँगरला लावला तेव्हा दोन्ही हात पाठीकडे वळून तो अटक झालेल्या माणसासारखा दिसू लागला. रांगेत हशा पिकला. कॉलरबाईही हसल्या आणि हसता हसताच उसवायला बसल्या. ज्या बाईने आपल्या कामात उसवण्याचे हत्यार कित्येक वर्षे हातात घेतले नव्हते, तिच्या मशीनवर ते आता कायम पडून असे. घरी गेल्यावर मुलगी विचारी, "किती झाला?" आणि कॉलरबाई सांगत, "काल होता त्यापेक्षा कमी." तरीही त्या गुणगुणत भाजी चिरत. मुलीच्या नजरेतून ते सुटले नाही.

खरी चूक मात्र यांपैकी कोणतीच नव्हती. ती पहिल्याच संध्याकाळी होऊन बसली होती आणि तीही त्यांच्या सर्वांत पक्क्या जागी. अंगाची, बाह्यांची, उंचीची मापे त्यांनी आपल्या जुन्या स्वेटरवरून घेतली होती. कॉलर मात्र त्यांनी सर्वांआधी शिवून टाकली, कारण त्यांच्या हातांना सुरुवात म्हणजे कॉलर एवढेच ठाऊक होते. ती अप्रतिम उतरली. मग ती विटकरी कापडावर ठेवून, तिच्या कडेने खडू फिरवून त्यांनी कोटाचा गळा कापला. कारखान्यात गळा आणि कॉलर जोडीनेच निघत. कोण कुणासाठी, असा प्रश्न तिथे कधी उठलाच नव्हता.

हे उघडकीला आले ते कोट प्रथम अंगात घातला तेव्हा. पूर्ण उंचीचा आरसा दाराआडच्या दालनात होता. कॉलरबाई त्या दालनात आजवर गेल्या नव्हत्या. त्या गेल्या आणि मागून सगळी रांगही गेली. आरशात विटकरी कोट उभा होता. खांदे बरे होते, बाह्या चालण्यासारख्या होत्या आणि गळ्याभोवती ती निर्दोष कॉलर मानेपासून चांगली दोन बोटे दूर उभी होती. विहिरीच्या कठड्यात उभे केल्यासारखी कॉलरबाईंची मान तिच्यातून वर आली होती.

 दारात उभा असलेला सुपरवायझर म्हणाला, "मान कंपनीची, बाई घरची."

काही जणी हसल्या. त्याच्या मनात टोमणा नव्हता, निदान होता तेवढाच पुरे झाला असावा. कारण लगेच त्याने तोडगा काढला. "हे बघा, दिवस थोडे राहिलेत. मी बाहीवालीला, काजवालीला सांगतो. कंपनीच्या बायकांच्या फर्म्यावर नवा कोट होईल, कापड माझ्याकडून. तुम्ही फक्त कॉलर लावा. निरोपाच्या दिवशी फोटो छान येईल."

"फोटोत कोण असेल?"

"तुम्हीच की."

"मी नाही. माझ्या कॉलरीला लटकलेलं कुणीतरी असेल." त्यांनी कोट काढून हातावर घेतला. "हा माझ्या हातून बिघडलाय, साहेब. याला कुणी हात लावायचा नाही."

बाणेदार उत्तर देणे सोपे असते. ते घरी नेणे अवघड. त्या संध्याकाळी कॉलरबाई कोट पिशवीत कोंबून घरी आल्या, पिशवी कोपऱ्यात टाकली आणि पंखा न लावताच बसून राहिल्या. मुलगी आली. तिने पिशवी पाहिली, आईकडे पाहिले.

"घालून दाखव."

"काही नाही त्यात. फसलाय."

"घाल तर."

घातला. मुलीने भोवती एक फेरी मारली. शिवणातले तिला ओ की ठो कळत नसे. साधे बटण तुटले तरी ती आईपुढे शर्ट धरी. पण माणसांना प्रश्न विचारणे हा तिचा व्यवसाय होता.

"मापं कशावरून घेतलीस?"

"स्वेटरवरून."

"आणि गळ्याचं?"

"गळ्याचं घ्यायचं नसतं. ते असतंच."

"कुणाचं?"

 कुणाचे? खिळ्याला टांगलेल्या त्या पुठ्ठ्याचे. तो कोणाच्या मानेवरून कापला गेला होता हे त्यांना ठाऊक नव्हते. अशी मान कुठे असेलच असेही नव्हते. पहारेकऱ्यांची, दरवानांची सरासरी काढून बनवलेल्या एका माणसाला त्या जन्मभर कॉलरी पुरवत आल्या होत्या. आता स्वतःचा म्हणून कोट शिवायला घेतला, तोही त्यांनी त्यालाच दिला होता.

मुलगी टेप घेऊन आली. तो उलटा धरला आहे हे तिच्या लक्षात आले नाही आणि कॉलरबाईंनीही सांगितले नाही. टेप गळ्याभोवती आला. मुलीचे गार हात मानेला लागले.

"एवढाच?" मुलीने बोटाने धरून दाखवलेला आकडा पाहून, मनात वजाबाकी करून कॉलरबाईंनी विचारले. "पुन्हा मोज."

"एवढाच आहे, आई."

त्या आरशापुढे गेल्या आणि आपला गळा हाताने चाचपू लागल्या. एखादी वस्तू आपल्या घरात कधीपासून आहे, असे मनाशी विचारत माणूस तिच्याकडे पाहतो, तशा.

"मग कॉलर लहान कर ना," मुलगी म्हणाली.

"गळा कापून झालाय. कापलेलं कापड वाढत नाही."

"मग काढून टाक."

"काय काढून टाक?"

"कॉलर."

कॉलरबाईंनी तिच्याकडे असे पाहिले की दुसरी कोणी असती तर स्वयंपाकघरात निघून गेली असती. पण मुलगी त्यांचीच होती. तिने खुंटीवरचा आपला ऑफिसचा कोट काढून आईच्या मांडीवर टाकला. "याला कुठंय कॉलर? रोज बघतेस की."

"हा कोट आहे असं मी धरतच नव्हते," कॉलरबाई म्हणाल्या. मग त्यांनी तो उलटा केला आणि गळ्याच्या आतून लावलेल्या पट्टीवर बोट फिरवले. पुन्हा फिरवले. मुलीने हळूच पंखा लावला.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर कॉलरबाईंनी कोट मशीनवर आडवा घातला आणि उसवायचे हत्यार कॉलरीच्या टिपेला लावले. ते पाहून इतके दिवस अबोला धरलेली बाहीवाली उठून आली.

"अगं ए, वेड लागलं का? त्या कोटात एवढी एकच गोष्ट धड आहे!"

"म्हणूनच."

"बाकीचं राहू दे वाकडं, कॉलर तरी..."

"मी गेल्यावर लोक म्हणतील, कोट फसला पण कॉलर बघा. तेच म्हणून घ्यायचं होतं तर इतके दिवस बोटं टोचून का घेतली?"

टीप उसवली. कॉलर सुटी झाली आणि क्षणभर मशीनवर एकटी पडून राहिली, टोके अगदी ताठ. कॉलरबाईंनी तिचे अस्तर वेगळे केले, तिच्याच कापडाच्या तिरक्या पट्ट्या कापल्या आणि त्या जोडून कोटाच्या गळ्याला आतून लावल्या. पाठीकडून बारीक चुण्या घेऊन रुंद गळा आवळला. जी गोष्ट त्यांना जगात सर्वांत चांगली येत होती, ती आता आत होती. बाहेरून दिसत नव्हती, पण गळा तिच्यावर तोलून होता. पुढच्या सगळ्या संध्याकाळी काजे सुधारण्यात गेल्या. एक काज सुधारले नाही. त्याला बटण न लावता त्यांनी तसेच सोडून दिले.

निरोपाच्या दिवशी दुपारनंतर मशिने थांबली. सुपरवायझरने भाषण केले. कॉलरबाई म्हणजे कारखान्याची मान, तिच्यामुळे आपण सर्वांनी मान वर करून चाललो, असे तो म्हणाला आणि ते बहुधा त्याने मनापासून लिहून काढले होते. मग त्याने भेट सगळ्यांना दाखवली. काचेच्या चौकटीत बसवलेली एक निळी कॉलर होती ती, कॉलरबाईंच्या हातची.

भाषण चालू असतानाच कोट घालायला गेलेल्या कॉलरबाई तेव्हा कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आल्या. दालनात उकडत होते. विटकरी कोट त्यांनी वरच्या बटणापर्यंत लावला होता. गळा गोल, उघडा, स्वच्छ होता आणि त्यातून त्यांची बारीक मान सरळ वर गेली होती.

"हे काय? कॉलर कुठंय?" सुपरवायझरने विचारले.

"आत आहे." त्यांनी गळ्याची कड उलटून पट्टी दाखवली.

"पण कॉलरबाईंच्याच कोटाला कॉलर नाही म्हटल्यावर लोक हसतील."

"हसू द्या. मान माझी आहे. तिचं माप मी घेतलंय." मग त्यांनी खरे ते सांगितले, "म्हणजे मुलीने घेतलं."

त्यांनी चौकट हातात घेतली, टोके नीट आहेत ना ते काचेतून तपासले आणि पुठ्ठ्याचा फर्मा टांगला होता त्याच खिळ्यावर ती अडकवली. "ही इथेच राहू द्या, साहेब. नव्या बाईला टोक कसं निघतं ते दिसेल. घरी नेऊन काय करू? माझ्याकडे कोट आहे."

त्या मशीनवरून हात फिरवतील, डोळे पुसतील, अशा अपेक्षेने काही जणी रुमाल काढून बसल्या होत्या. त्यांची निराशा झाली. कॉलरबाईंनी पिशवी उचलली आणि रांगेच्या मधून चालू लागल्या. चालताना कोटाचा डावा खांदा किंचित मागे ओढला जात होता.

"कॉलरबाई, फोटो राहिला!" मागून सुपरवायझर ओरडला. त्या थांबल्या नाहीत.

"ए कोटवाली!" ही बाहीवाली होती. "डावी बाही बोंबलतेय तुझी!"

आता त्या वळल्या. हात वर करून त्यांनी बाही नीट निरखून पाहिली.

"बोंबलू दे," त्या म्हणाल्या. "मी शिवलीय."